बर्फात पाटी रोवणारी पहार

मित्रांनो, टोरांटोच्या पूर्वेला स्कारबरो नावाचा भाग आहे. तिथल्या एका गॅरेजमध्ये, हिवाळी टायरांच्या मागे, भिंतीला टेकून माझे दिवस जातात. मी एक पहार आहे. चार फूट लांब, अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात जेमतेम मावेल एवढी जाड. एका टोकाला अणी आहे, दुसरं टोक चपटं आहे. मधोमध, जिथे माझ्या मालकाची मूठ बसायची, तिथला लोखंडाचा रंग बाकीच्या अंगापेक्षा वेगळा आहे. तो भाग अजून चकाकतो. बाकी सगळीकडे आता गंज धरू लागला आहे.

माझा जन्म टोरांटोच्या उत्तरेला असलेल्या वॉन शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथे सामान वाहून नेणारे लांबच लांब पट्टे बनत. त्यातल्याच एका पट्ट्याचा मोडका शाफ्ट, म्हणजे पट्टा फिरवणारा लोखंडी दांडा, होते मी. भंगाराच्या पिंपात पडले होते. चंद्रकांत गायधनी नावाच्या माणसाने मला त्यातून बाहेर काढलं. हा माणूस नाशिकचा, सातपूरच्या कारखान्यात लोखंड कातणाऱ्या लेथ मशीनवर वाढलेला. कॅनडात येऊन त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला लेथवर चढवलं आणि अणी काढली. दुसरं टोक लाल करून ठोकून चपटं केलं. मग दोन्ही टोकांना पाणी दिलं. तापलेलं लोखंड नेमक्या वेळी पाण्यात बुडवलं की ते टणक होतं, त्याला पाणी देणं म्हणतात. ती नेमकी वेळ कुठल्याही घड्याळात दिसत नाही. लोखंडाचा रंग बघून ती ओळखायची असते. चंद्रकांतकाकांना ती ओळखता येत असे. म्हणून इतक्या वर्षांत माझी अणी एकदाही मोडली नाही.

"हे काय बनवलंस? भाला?" सुपरवायझरने इंग्रजीत विचारलं.

"नाही. बायकोला दोडक्याचा मांडव घालायचाय," काकांनी सांगितलं. दोडका म्हणजे काय हे सुपरवायझरला कळलं नाही, पण त्याने मला घरी नेऊ दिलं.

मित्रांनो, स्कारबरोची माती चिकणमाती आहे. मे महिन्यातसुद्धा कुदळ परत उडते. मी मात्र आत जात असे. घरामागच्या तुकड्यात काका माझ्या अणीने खड्डे करायचे आणि प्रमोदिनीकाकू त्यात काठ्या उभ्या करायच्या. त्यांची मुलगी अक्षता तेव्हा आठ वर्षांची होती. ती मला दोन्ही हातांनी उचलायला बघायची, मी हलायचे नाही, आणि ती चिडून म्हणायची, "बाबा, ही मुद्दाम जड होते!" उन्हाळ्यात दोडके, हिवाळ्यात घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ. असं माझं साधं आयुष्य चाललं होतं. पुढे अक्षता शिकली, सॉफ्टवेअरमध्ये गेली, तासाभरावरच्या ओकव्हिलला राहू लागली. मग प्रमोदिनीकाकू गेल्या. त्या वर्षी दोडक्यांचा मांडव झाला नाही. त्यानंतरही झाला नाही.

काका निवृत्त झाले होते. घर मोठं वाटू लागलं होतं. अशा वेळी ईशिता निवडणुकीला उभी राहिली.

ईशिता ही अक्षताची बालमैत्रीण. शाळेच्या तळघरात दर रविवारी मराठीचा वर्ग भरत असे, तिथे दोघी एका बाकावर बसायच्या आणि काका त्यांना बाराखडी शिकवायचे. ती ईशिता आता ओटावाच्या संसदेसाठी आमच्या मतदारसंघातून उभी होती. काकांनी तिच्या कचेरीत जाऊन सांगितलं, "मला भाषण येत नाही. मला पाट्या रोवता येतात आणि गाडी चालवता येते."

इकडे निवडणूक आली की लोक आपापल्या अंगणात उमेदवाराच्या नावाची पाटी लावतात. पातळ पत्र्यासारखी प्लास्टिकची पाटी, तिला तारेचे दोन पाय. शरद ऋतूत ते पाय हाताने दाबले तरी जमिनीत जातात. मोठ्या पाट्यांना लाकडी खांब लागतात, तेव्हा माझं काम पडायचं. म्हणून मी त्या दिवसांत काकांच्या गाडीच्या डिकीत असायचे. तिथूनच मी पुढचं सगळं ऐकलं.

आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, नूरुद्दीनभाई राहतात. त्यांचं बालपण दार-ए-सलामला गेलं, घरची भाषा गुजराती, काकांशी ते हिंदीत बोलतात. वय ब्याऐंशी, चालायला वॉकर लागतो. त्यांच्या अंगणात दुसऱ्या उमेदवाराची पाटी होती. दोघांची रोज त्यावरून थट्टा चालायची.

"चंद्रकांतभाई, आपकी पाटी थोड़ी टेढ़ी है."

"पाटी सीधी है, नूरुद्दीनभाई. आपका चश्मा टेढ़ा है."

ऑक्टोबरात मतदानाचा दिवस आला. काकांची एक रीत होती. मत आधीच्या दिवसांत टाकता येतं, पण ते मतदानाच्या दिवशीच टाकायचे. आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, काकूंना बरोबर घेऊन. काकू गेल्यावरही त्यांनी दिवस बदलला नाही आणि सदराही बदलला नाही. त्या सकाळी ते तो सदरा घालूनच बाहेर पडले.

दिवसभर त्यांनी माणसं नेली आणि आणली. ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांना जिना उतरवत नाही, ज्यांच्या कडेवर मुलं आहेत. सगळी ईशिताची माणसं. कचेरीतून स्वानंदचे फोन येत राहिले. स्वानंद सगळ्या प्रचाराची व्यवस्था बघायचा. त्याचा आवाज असा, की फोन बंद असला तरी ऐकू येईल.

"काका, पुढची राइड बिल्डिंग नंबर चाळीस. आजी खाली लॉबीत उभ्या आहेत. आणि तुमचं तर सकाळीच झालं असेल, पहिला नंबर!"

काका हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांनी मनात ठरवलं होतं, रात्री नऊ वाजता सगळं आटोपलं की आपण जायचं. त्यांचं केंद्र गल्लीच्या टोकाच्या शाळेतच होतं.

संध्याकाळी अक्षताचा फोन आला. "बाबा, जेवलात का? गोळ्या घेतल्यात का?"

"घेतल्या गं."

"दमू नका. फोन ठेवते, मीटिंग आहे."

तिने जेवणाचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं. मताचं विचारलं नाही. का विचारेल? काकांचं मत राहील अशी शंका कुणाला येणार होती?

नऊ वाजून पाच मिनिटांनी गाडी आमच्या गल्लीत वळली. केंद्र रात्री साडेनऊला बंद होणार होतं. वेळ होता. आणि अचानक गाडी थांबली.

नूरुद्दीनभाई पावसात त्यांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभे होते. पुढे वॉकर, मागे त्यांची ती पाटी.

"क्या हुआ?" काकांनी काच खाली केली.

"हमारेवालों की गाड़ी आनेवाली थी. छह बजे से फोन कर रहा हूँ. कहीं अटक गई."

मित्रांनो, आमच्या गल्लीच्या मधून दोन मतदान केंद्रांची सीमा जाते. काकांचं केंद्र शाळेत, आणि समोरच्या घरांचं रेल्वेरुळांपलीकडच्या हॉलमध्ये. मतदानाच्या दिवशी दुसऱ्याच्या केंद्रावर मत टाकता येत नाही. शाळेबाहेर अजून रांग होती, आधी तिथे उभं राहिलं तर हॉल बंद व्हायच्या आत गाठता आला नसता.

इंजिन चालू होतं. वायपर दोनदा गेला, तीनदा गेला. मग काकांनी दार उघडलं, डिकी उघडली आणि वॉकर घडी करून माझ्याशेजारी ठेवला.

"चंद्रकांतभाई, आपको मालूम है ना मैं किसको वोट देनेवाला हूँ?"

"सारी गल्ली को मालूम है. बैठिए, भीग रहे हैं."

हॉलपाशी पोचायला अकरा मिनिटं लागली. नूरुद्दीनभाई आत गेले. आणि आता मी तुम्हाला ते सांगते, जे मीच एकटीने ऐकलं. काकांनी इंजिन सुरू केलं. लगेच निघाले असते तर शाळा गाठता आली असती. मग इंजिन बंद झालं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं. पुन्हा बंद झालं. आत एक म्हातारा माणूस होता आणि बाहेर पाऊस होता. काका हलक्या आवाजात म्हणाले, "प्रमोदिनी, या वेळी चुकणार गं." एवढंच. त्यानंतर इंजिन नूरुद्दीनभाई परत येईपर्यंत सुरू झालं नाही.

परतीच्या वाटेवर नूरुद्दीनभाईंनी विचारलं, "आपने तो सुबह ही डाल दिया होगा?"

"हाँ, हाँ."

त्यांना घरी सोडून काका शाळेपाशी गेले. साडेनऊ होऊन चार मिनिटं झाली होती. दाराशी कोणीतरी नम्रपणे 'सॉरी, सर' म्हणालं, ते डिकीपर्यंत आलं.

मतमोजणीत ईशिता सहा मतांनी मागे पडली. फरक इतका थोडा होता की न्यायाधीशांसमोर एकेक मतपत्रिका पुन्हा मोजली गेली. दहा दिवस सगळे निकालाची वाट बघत होते. शेवटी आकडा आला. दोघांनाही अठरा हजार चारशे बारा. बरोबरी! आणि इथला कायदा असा, की फेरमोजणीतही बरोबरी झाली तर त्या जागेसाठी निवडणूक पुन्हा घ्यायची.

कचेरीत पेढे वाटले गेले. हरता हरता पुन्हा संधी मिळाली होती. काका कचेरीतल्या पाट्या गाडीत भरत होते, डिकी उघडी होती. स्वानंद ओरडून बोलत होता, "एक मत! फक्त एक मत जास्त असतं तर आज काम झालं असतं! आपला कोणीतरी पठ्ठ्या घरी सोफ्यावर लोळत होता. सापडला ना, तर त्याला पाटीला बांधून चौकात उभा करतो."

सगळे हसले. काकांनी डिकी लावली.

त्याच दिवशी अक्षताचा फोन आला. "बाबा, तुमच्यामुळे बरोबरी झाली. तुम्ही किती लोकांना नेलंत! मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं."

"बरं," काका म्हणाले. अभिमान वाटणाऱ्या मुलीला ते काय सांगणार होते? एक मत आपण टाकलं नाही आणि समोरच्याचं एक मत आपल्याच गाडीतून नेऊन टाकलं, हे?

त्यांनी ते सांगितलं एकाच माणसाला. डिसेंबरात एका सकाळी काका नूरुद्दीनभाईंच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ माझ्या अणीने फोडत होते. नूरुद्दीनभाई दारात खुर्ची टाकून बसले होते.

"नूरुद्दीनभाई, उस दिन मेरा वोट रह गया था."

नूरुद्दीनभाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग म्हणाले, "और आपने मेरा डलवाया."

"किसी को तो बताना था. मेरेवालों को बता नहीं सकता. वो मुझे पाटी से बाँध देंगे."

नूरुद्दीनभाईंना हसू आलं आणि लगेच ओसरलं. "मुझे नहीं बैठना चाहिए था आपकी गाड़ी में."

"वो बात नहीं. बिठाने का अफ़सोस नहीं है," काकांनी मला बर्फात खुपसून उभं केलं. "अपना रह गया, उसका है. इस बार नहीं रहेगा."

फेरनिवडणुकीची तारीख फेब्रुवारीच्या शेवटची ठरली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे दिवस ते. फेब्रुवारीत इथली जमीन दगड होते. तारेचे पाय आत जात नाहीत, वाकतात. दोन्ही बाजूंच्या पाट्या बर्फाच्या ढिगात खोचलेल्या असायच्या आणि वारा आला की गल्लीभर उडायच्या. काकांनी मला बाहेर काढलं. अणी टेकवायची, वर उचलून सोडायची, पुन्हा उचलायची. आठ-दहा घावांत दोन भोकं पडायची. त्यांत तारेचे पाय घालायचे आणि वरून बाटलीतलं पाणी ओतायचं. अर्ध्या तासात ते पाणी गोठून पाटी अशी घट्ट बसायची की सिमेंटने बसवल्यासारखी.

"काका, ही पहार काय नाशिकहून विमानात घालून आणलीत?" स्वानंदने विचारलं.

"माझ्या मांडीवर बसून आली," काका म्हणाले.

त्या महिन्यात मी एकशे साठ पाट्या रोवल्या. माझ्याबरोबर फोटो काढले गेले. एका संध्याकाळी घरी परतताना काकांना नूरुद्दीनभाईंची पाटी बर्फात उताणी पडलेली दिसली. ते तिच्याजवळ उभे राहिले. मग त्यांनी तिथेही दोन भोकं पाडली, पाटी उभी केली आणि पाणी ओतलं. नूरुद्दीनभाई खिडकी उघडून ओरडले, "ये क्या किया? अब ये एप्रिल तक नहीं निकलेगी!"

"तो रहने दीजिए. सीधी तो है."

पण काकांच्या छातीचं दुखणं जुनं होतं. डॉक्टरांनी बर्फ उपसायलासुद्धा मनाई केली होती. अक्षताने इंटरनेटवर त्यांचा आणि माझा फोटो पाहिला आणि रविवारी ओकव्हिलहून ती तडक आली. गॅरेजचं दार वर गेलं तेव्हा तिचा आवाज चढलेला होता.

"बाबा, सत्तरी झाली तुमची. जमीन कसली फोडताय?"

"दोन आठवडे राहिलेत फक्त."

"ईशिताकडे दोनशे माणसं आहेत. तुमच्यावाचून अडलंय का तिचं?"

"तिचं नाही. माझं एक काम राहिलंय."

"कसलं काम?"

माझ्या मुठीच्या जागेवरून काकांचा अंगठा वरखाली फिरत होता. मला वाटलं, आता सांगतील.

"आहे एक," ते म्हणाले.

अक्षताने मला त्यांच्या हातातून घेतलं. आता मी तिला जड नव्हते. तिने मला हिवाळी टायरांच्या मागे ढकललं आणि वर ताडपत्री टाकली. "मुलीपेक्षा पाटी मोठी झाली तुम्हाला," ती म्हणाली. जाताना तिने दार जोरात लावलं. तिची गाडी थोडा वेळ ड्राइव्हवेवरच उभी होती. मग गेली.

मंगळवारी काकांनी मला पुन्हा बाहेर काढलं. शुक्रवारी आगाऊ मतदान सुरू होणार होतं. त्या सकाळी कधी नव्हे ती काकांनी आपली रीत मोडली. मतदानाच्या दिवसाची वाट न पाहता, पांढरा सदरा घालून ते पहिल्याच दिवशी केंद्रावर गेले. एकटे गेले, कुणालाही राइड दिली नाही. परत आल्यावर गॅरेजमध्ये येऊन त्यांनी मला फडक्याने पुसलं, तेलाचा हात दिला आणि जागेवर उभं केलं.

"झालं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, मला माहीत नाही. तिथे मीच होते.

पुढच्या शनिवारी दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हातात चहाचा कप होता. मतदान सोमवारी होतं.

सोमवारी ईशिता चौदा मतांनी हरली. मोजणी पुन्हा झाली, आकडा चौदाच राहिला.

घरात माणसं येत-जात होती. ईशिता आली, अक्षताच्या गळ्यात पडून रडली. स्वानंदचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा लहान झाला. सगळे म्हणाले, काकांनी जीव तोडून काम केलं. अक्षता ते ऐकून घेत होती. सगळे गेल्यावर ती एकटी गॅरेजमध्ये आली. माझ्यासमोर उभी राहिली. मला तिने काही केलं नाही. फक्त म्हणाली, "चौदा मतं." आणि दिवा बंद केला.

मित्रांनो, वस्तूला बोलता येत नाही याचं दुःख मला आधी कधी झालं नव्हतं. दोडक्यांचे खड्डे करताना बोलायचं काय असतं? पण त्या अंधारात मला फार बोलावंसं वाटलं. अक्षता, तुझे बाबा चौदा मतांसाठी बाहेर पडले नव्हते गं. ते एका मतासाठी बाहेर पडले होते, आणि ते त्यांनी टाकलं. तू दार लावून गेलीस तेव्हा ते रागावले नव्हते. तुझी गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ते इथेच उभे होते. पण माझ्यापाशी शब्द नव्हते. माझ्यावर ओल बसू लागली. तेलाचा तो शेवटचा हात कधीच उडून गेला होता.

मार्च महिन्यात दाराला एक नोटीस लागली. निवडणूक संपली की तीन दिवसांत पाट्या काढायच्या असा शहराचा नियम आहे. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या पाट्या पायाने मोडून, तारा कापून काढल्या होत्या. दोनच राहिल्या होत्या. आमची आणि समोरची. एकमेकींकडे तोंड करून, बर्फात ताठ उभ्या.

शनिवारी अक्षता आली. आधी तिने पाटी हाताने ओढली. मग गरम पाणी ओतलं, ते तिथेच गोठलं. शेवटी ती गॅरेजमध्ये आली आणि तिने टायर बाजूला करून मला बाहेर काढलं. तिची मूठ बरोबर त्या चकाकत्या जागेवर बसली. ती थबकली. बघितलं तर तिची मूठ त्या जागेपेक्षा लहान होती, दोन्ही बाजूंना थोडी थोडी चकाकी उरत होती.

तिने पहिला घाव घातला तो तिरका बसला.

"बेटी, ऐसे नहीं." नूरुद्दीनभाई वॉकर टेकत रस्ता ओलांडून आले होते. "उठाओ और छोड़ दो. ज़ोर मत लगाओ. ज़ोर वो ख़ुद लगाती है. तुम्हारे पप्पा ऐसे करते थे."

"मला माहितीये ते कसे करायचे," अक्षता मराठीतच म्हणाली. मग हिंदीत म्हणाली, "इसी ने उनकी जान ली, अंकल. एक इलेक्शन के लिए. वो भी हार गए."

नूरुद्दीनभाईंनी वॉकरच्या चाकांची कडी लावली आणि ते त्याच्या बैठकीवर बसले.

"उन्होंने तुमको बताया नहीं?"

"क्या?"

मग नूरुद्दीनभाईंनी सगळं सांगितलं. पाऊस, सहा वाजल्यापासूनची वाट, हॉल, परतीच्या वाटेवरचं ते 'हाँ, हाँ'. डिसेंबरातली सकाळ. ते सावकाश सांगत होते, मध्ये थांबत होते. अक्षता मला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं होतं.

"मी फोन केला होता त्या दिवशी," ती शेवटी म्हणाली. हे ती कुणाला सांगत नव्हती. "जेवलात का विचारलं. गोळ्या घेतल्यात का विचारलं."

नूरुद्दीनभाईंना मराठी कळत नव्हती, तरी त्यांनी मान हलवली.

"बोले, बिठाने का अफ़सोस नहीं है. अपना रह गया, उसका है."

"दूसरी बार तो डाला उन्होंने," अक्षता म्हणाली. "सफ़ेद शर्ट मैले कपड़ों में मिला. मैंने ही धोया बाद में."

"मालूम है. शुक्रवार को वापस आए तो उधर से ही मुझे हाथ दिखाया था." नूरुद्दीनभाईंनी हात वर केला, उघडा तळवा, जसा काकांनी रस्त्यापलीकडून दाखवला असेल तसा. मग तो खाली घेत ते म्हणाले, "बेटी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना. दूसरी बार भी मैंने अपनेवाले को ही दिया. मन में आया था कि इस बार चंद्रकांतभाई की तरफ़ डाल दूँ. फिर सोचा, वो होते तो बहुत डाँटते."

अक्षता त्यांच्याकडे बघत राहिली. चौदा मतांतलं एक तिच्यासमोर वॉकरवर बसलं होतं. मला वाटलं, आता ती मला टाकून देईल आणि आत निघून जाईल. पण तिच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. तो पुरता हसण्याचा नव्हता.

"डाँटते," ती म्हणाली. "ज़रूर डाँटते."

मग तिने मला उचललं आणि सोडलं. जोर लावला नाही. सहाव्या घावाला बर्फ तडकला. आमची पाटी निघाली. त्यानंतर ती मला घेऊन रस्ता ओलांडून गेली आणि नूरुद्दीनभाईंचीही पाटी तिने काढली. दोन्ही पाट्या एकावर एक ठेवून तिने गॅरेजात आणल्या. फेकल्या नाहीत.

नूरुद्दीनभाईंना त्यांच्या दारापर्यंत सोडताना तिने विचारलं, "अगली बार आपको कौन ले जाएगा?"

"अगली बार? मैं छियासी का हो जाऊँगा, बेटी."

"मैं ले जाऊँगी."

"ओकव्हिल से? फिर तुम्हारा?"

"मेरा पहले," अक्षता म्हणाली. "सुबह, पहले मेरा. फिर इधर आऊँगी."

घर विकायचं ठरलं होतं. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, पण विकत घेणारे कुणी अजून आलेले नाहीत. मे महिन्यात अक्षता आली तेव्हा तिच्या पिशवीत दोडक्याचं बी होतं. तिने मला घरामागे नेलं. पहिला खड्डा वाकडा झाला, दुसरा बरा झाला. मांडवाच्या काठ्यांना तिने त्या दोन पाट्यांच्या तारा वाकवून बांधल्या. सगळं झाल्यावर तिने मला फडक्याने पुसलं. तेलाचा हात द्यायचं तिच्या लक्षात आलं नाही. अजून येत नाही. म्हणून माझ्या अंगावर गंज आहे. मी तक्रार करत नाही. तेल कुठे ठेवलंय हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. पलीकडच्या फळीवर, रंगाच्या डब्यामागे आहे.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला माणसांच्या निवडणुका कळत नाहीत. एकाच गाडीतून जाणारी दोन माणसं वेगवेगळ्या नावांपुढे खूण करतात आणि तरी एकमेकांचा वॉकर धरतात, एवढंच मी पाहिलं. माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे दिवसभर सगळ्यांना पोचवत असेल. कुणाला शाळेत, कुणाला दवाखान्यात, कुणाला स्टेशनवर. ते माणूस जेवलं का, औषध घेतलं का, हे तुम्ही विचारतच असाल. त्यांना एवढंही विचारा, की तुम्हाला स्वतःला कुठे जायचं होतं, ते झालं का? 'हो, हो' असं उत्तर येईल. तेवढ्यावर फोन ठेवू नका.

मांडवावर परवा पहिलं पिवळं फूल आलं. नूरुद्दीनभाईंनी रस्ता ओलांडून येऊन ते पाहिलं आणि अक्षताला फोन करून सांगितलं, मांडव थोडा वाकडा आहे.

"मांडव सीधा है, अंकल," पलीकडून ती म्हणाली. फोन स्पीकरवर होता. मी कुंपणाला टेकून ऐकत होते.